टाकून दिलेल्या वाटा

क्युझाफोर्तेच्या स्टेशनात गाडी येत नाही. फलाट आहे, इमारत आहे, पण रूळ होते तिथे आता डांबराची गुळगुळीत पट्टी आहे आणि प्रवाशांच्या जागी भिंतीला सायकली टेकवलेल्या असतात. आत कॉफी मिळते, बिअर मिळते. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातलं, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं हे एवढंसं गाव फेल्ला नदीच्या अरुंद दरीत डोंगराला चिकटून बसलं आहे. फलाटावर पाय पसरून मी उगाच वाटा मोजत होतो. खाली नदी: पांढऱ्या गोट्यांच्या रुंद पात्रात निळसर पाण्याची बारीक धार. तिच्या काठाने जुना १३ क्रमांकाचा सरकारी रस्ता. वर उंच खांबांवरून, डोंगराच्या एका भोकातून निघून दुसऱ्यात शिरणारा ए-२३ मोटरमार्ग. चौथी वाट दिसतच नाही, कारण ती डोंगराच्या पोटात आहे: नवी दुहेरी रेल्वेलाइन. आणि पाचवी ही, जिच्या फलाटावर मी बसलो होतो ती, १८७९ सालची जुनी रेल्वे. पाचांतली टाकून दिलेली ही एकच, आणि माझ्यासारख्याला निर्धास्त जाता येईल अशीही हीच.

साल्झबुर्गपासून एड्रियाटिक समुद्रावरच्या ग्रादोपर्यंत सुमारे ४१० किलोमीटरचा जो आल्पे-आद्रिया सायकलमार्ग आहे, त्याचा हा सर्वांत देखणा तुकडा. तार्विझिओपासून खाली मोज्जोपर्यंत पन्नासेक किलोमीटर तुम्ही जुन्या रेल्वेच्या अंगाखांद्यावरून जाता. तिचे बोगदे, तिचे लोखंडी पूल, तिच्या दगडी कमानी. एकही मोटार नाही. पुस्तिकांतून या वाटेचं वर्णन ‘निसर्गाच्या कुशीत’ या छापाचं असतं. मला ते मान्य नाही. इथली शांतता निसर्गाने दिलेली नाही. एवढ्या अरुंद दरीत ट्रकांना ए-२३ मिळाला, गाड्यांना डोंगरातून सरळ बोगदे मिळाले, आणि त्यानंतर जे उरलं ते सायकलीला मिळालं. जुनी लाइन बंद पडली ती कोणाला सायकलस्वारांचा कळवळा आला म्हणून नव्हे. पोन्तेब्बाच्या खालचा भाग १९९५मध्ये नव्या मार्गाने गेला, वरचा २००० साली, आणि वेगाच्या हिशेबात जुनी लाइन निकामी ठरली.

मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. डोंगराळ मुलखात वाहनमुक्त सायकलवाट सहसा कोणी नव्याने खणत नाही. परवडतच नाही. सपाट हॉलंडमध्ये कालव्याकाठी पट्टी आखणं वेगळं आणि दरीत, जिथे नदीला वळायला जागा नाही तिथे, तिसरा-चौथा रस्ता कोरणं वेगळं. डोंगरातली निवांत वाट ही बहुतेक वेळा जुन्या कपड्यासारखी थोरल्याकडून धाकट्याकडे येते. थोरल्याला नवा सदरा शिवला की जुना कोणाच्या अंगावर जाणार, की त्याचं पायपुसणं होणार, एवढाच निर्णय असतो. आणि तो घरात त्याच आठवड्यात घेतला नाही, तर पायपुसणंच होतं.

जुना सदरा धाकट्याला इतका नेमका बसतो कसा, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक फार कमी घर्षणाने फिरतं. सपाटीवर ते वरदान, चढावर शाप, कारण चढ जरा वाढला की चाक जागच्या जागी घसरतं. म्हणून एकोणिसाव्या शतकातला रेल्वे इंजिनिअर डोंगरासमोर हात जोडून उभा राहायचा. वळसा घ्या, बोगदा खणा, पूल बांधा, पण चढ हलका ठेवा. आपल्या भोर घाटाचा १८६३ साली खुला झालेला रेल्वेमार्ग ३७ फुटांमागे एक फूट चढतो, म्हणजे शंभराला पावणेतीनच्याही आतच, आणि तेवढ्यासाठीसुद्धा खंडाळ्याजवळ गाडी उलट फिरवायचं ‘रिव्हर्सिंग’ स्टेशन करावं लागलं होतं. हा चढ त्या काळी भलताच कडक समजला जाई.

आता हाच हिशेब माणसाच्या पायांना लावू. बेतास बात तब्येतीचा माणूस तासन्‌तास टिकवू शकेल अशी ताकद साधारण शंभर वॉट. पूर्वीच्या पिवळ्या बल्बाएवढी. सायकल, माणूस आणि सामान मिळून ९५ किलो धरलं, तर भोर घाटाच्या रेल्वेच्या चढावर तो ताशी अकरा-बारा किलोमीटरने जाईल. घाम येईल, पण शेजारच्याशी गप्पा मारता येतील. तोच माणूस स्टेल्व्हिओवर नेऊन ठेवा. १८२०च्या दशकात ऑस्ट्रियन राजवटीने बांधलेल्या या घाटात एका बाजूला ४८ आवळ वळणं आहेत, माथा २७५७ मीटरवर आहे आणि चढ सरासरी शंभराला सात-साडेसात. तिथे शंभर वॉट तुम्हाला ताशी पाचाच्या आत ढकलतात, म्हणजे चालण्याच्या वेगाने. सायकल डगमगायला लागते आणि मागून येणारी प्रत्येक मोटारसायकल कानाशी येऊन फाटते. इंजिनाला जे झेपत नव्हतं तेच माणसाला झेपत नाही. त्यामुळे वाफेच्या इंजिनासाठी दीडशे वर्षांपूर्वी केलेले लाड आज एखाद्या सत्तरीच्या बाईला आल्प्सच्या पलीकडे नेऊन सोडतात.

सायकलीच्या जगात या सौम्य चढाला फार मान नाही. मान घाटाला आहे. स्टेल्व्हिओ १९५३मध्ये जिरो दि’इतालियाच्या शर्यतीत पहिल्यांदा आला आणि त्याच वर्षी तिथे फाउस्तो कोप्पीने ह्यूगो कोब्लेटला मागे टाकून शर्यत आपल्याकडे खेचली, ही कथा तिकडे पावनखिंडीसारखी सांगतात. मलाही ती आवडते. घाट चढून माथ्यावर मीठ चाटत उभं राहण्याची नशा मला ठाऊक आहे आणि ती कोणाकडून काढून घ्यावी असं मला वाटत नाही. पण पराक्रमाच्या गोष्टींनी सायकलीचं एक नुकसान केलं आहे. डोंगरात सायकल म्हणजे मर्दुमकी, असं समीकरण बसलं की रस्त्यावरची भीतीसुद्धा त्या मर्दुमकीचाच भाग होऊन जाते. ट्रकला घाबरणारा तो कसला सायकलवाला! मग रस्ता सुधारायची मागणी करणारा भेकड ठरतो. फेल्लाच्या दरीत मी दोन तासांत जी माणसं पाहिली त्यांतल्या निम्म्यांनी घाटाकडे पाहिलंही नसतं. मागे छोटा गाडा जोडून त्यात झोपलेलं मूल नेणारं जोडपं, सायकलला झेंडी लावलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी, तीन आजोबा, त्यांतला एक दर बोगद्यात आवाज घुमवून बघणारा. माझी बायकोही त्यातलीच. तिने पुण्यात सायकल सोडून पंधरा वर्षं झाली होती.

घाटासाठी तिकडे एक वेगळा उपाय काढला आहे: वर्षातून एखादा दिवस तो मोटारींना बंद ठेवायचा. स्टेल्व्हिओवर उन्हाळ्याच्या शेवटी असा दिवस असतो, डोलोमाइट्समधल्या सेल्ला डोंगराभोवतीच्या घाटांतही असतो, आणि हजारो लोक येतात. दृश्य मोठं सुरेख. तरी मला या दिवसांविषयी थोडा संशय आहे. बैलपोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळते, दुसऱ्या दिवशी जू. एका दिवसाच्या बंदीने उरलेल्या ३६४ दिवसांना जणू अधिकृत संमती मिळते. शिवाय त्या दिवसाची सायकल ही जत्रेतली सायकल. सामान लादून दोन आठवड्यांच्या प्रवासाला निघालेला माणूस कॅलेंडर बघून घाटात पोहोचत नाही.

टाकून दिलेल्या रेल्वेचं एवढं कौतुक केल्यावर एक कबुली द्यायला हवी. रेल्वे बंद पडणं ही बहुधा वाईट गोष्ट असते.

फेल्लाच्या दरीत रेल्वे मेली नाही, घर बदलून डोंगरात राहायला गेली. तिथून पश्चिमेला कोर्तिनाची गोष्ट वेगळी आहे. कालाल्झोपासून कोर्तिनावरून दोब्बियाकोपर्यंत पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत एक छोटी डोंगरी रेल्वे उभी राहिली, १९२१पासून ती पूर्ण धावू लागली, १९५६च्या हिवाळी ऑलिम्पिकला तिनेच माणसं वाहिली आणि १९६४मध्ये ती बंद केली. आता तिच्या जागी डोलोमाइट्समधली सर्वांत सुंदर सायकलवाट आहे. चिमाबांकेच्या १५३० मीटरच्या खिंडीतून ती जाते, दोन्ही बाजूंना ते गुलाबी कडे. पण शेजारच्या रस्त्यावर मोटारींची रांग पाहिली की कळतं, ही वाट कशाच्या थडग्यावर उभी आहे. रेल्वे गेली, सायकल आली, आणि मधल्या काळात सगळं गाव मोटारीत बसलं. २०२६मध्ये कोर्तिनाला ऑलिम्पिक पुन्हा आलं तेव्हा तिथवर जाणारी रेल्वे नव्हती. सत्तर वर्षांपूर्वी होती.

आणखी पश्चिमेला, दक्षिण टिरोलमध्ये, याच्या नेमकं उलटं घडलं. मेरानो ते माल्स ही १९०६ची लाइन १९९०च्या सुमारास बंद पडली होती. प्रांताने ती ताब्यात घेतली आणि २००५च्या मे महिन्यात पुन्हा सुरू केली. सायकलवाट तिच्यावरून न नेता तिच्या बाजूने, आदिजे नदीच्या काठाने, सफरचंदांच्या बागांतून नेली. आता लोक गाडीने माल्सपर्यंत चढतात, स्टेशनवर भाड्याची सायकल घेतात, दिवसभर उतारावरून खाली येतात, खालच्या स्टेशनवर सायकल सोपवतात आणि गाडीने घरी जातात. पाय थकले की गाडी, ऊन उतरलं की सायकल. (त्या बागांतही सगळं आलबेल नाही. फवारणीच्या औषधांवरून माल्समध्ये २०१४ साली सार्वमत झालं आणि मोठ्या बहुमताने लोक बंदीच्या बाजूने उभे राहिले. वाहनांपासून सुटका झाली म्हणजे हवा निर्मळ झाली असं नाही.)

या दोन दऱ्यांमधून माझ्यापुरता एक नियम निघतो. जी रेल्वे अजून माणसं वाहू शकते तिच्या रुळांवर सायकलवाल्यांनी डोळा ठेवू नये. अमेरिकेत १९८३च्या एका कायदादुरुस्तीने यासाठी बरी युक्ती काढली आहे. बंद पडलेल्या लाइनची जमीन तुकड्या-तुकड्यांत विकायची नाही, सलग जपून ठेवायची, तोवर तिच्यावरून माणसं चालोत, सायकली जावोत, आणि पुढे कधी रेल्वेला गरज लागली तर ती परत घ्यायची. म्हणजे सायकलस्वार त्या जमिनीचा मालक होत नाही, राखणदार होतो. मुर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जाणारी आपली शकुंतला रेल्वे बंद आहे. तिच्या जागी सायकलवाट करा असं उद्या कोणी उत्साहाने सुचवलं तर मी विरोध करीन. तिथल्या लोकांना रुंद रुळांची गाडी हवी आहे आणि त्यांची मागणी रास्त आहे. पण जमीन सलग राहण्यात दोघांचंही हित आहे. वीस वर्षांत तिच्यावर घरं, गोठे आणि मंगल कार्यालयं उभी राहिली, की ना गाडी ना सायकल.

सलग हा शब्द जरा जड हाताने उच्चारायला हवा. पन्नास किलोमीटर निर्मळ वाट आणि मध्ये एक किलोमीटर ट्रकांचा रस्ता असेल, तर नकाशावर ती ९८ टक्के वाहनमुक्त दिसते. मूल घेऊन निघालेल्या बाईसाठी ती शून्य टक्के असते. तो एक किलोमीटर ठरवतो कोण निघणार आणि कोण घरी राहणार. आल्पे-आद्रियाच्या आखणीतला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला भाग असा, की जिथे जमत नाही तिथे त्यांनी सरळ हार मानली आहे. मधली ताउएर्न पर्वतरांग सायकलने ओलांडायचा हट्ट नाही. ब्योकष्टाइनला सायकल गाडीत चढवायची, सव्वाआठ-साडेआठ किलोमीटरचा बोगदा काही मिनिटांत पार करायचा आणि पलीकडे माल्नित्झला उतरायचं. शुद्धतावाद्यांना हे खटकतं. मला नाही खटकत. खाली, मोज्जो संपल्यावर, मात्र ही आखणी थोडी विस्कटते. वेन्झोने आणि जेमोना ही १९७६च्या भूकंपात उद्‌ध्वस्त होऊन पुन्हा दगडावर दगड रचून उभी राहिलेली गावं. तिथे वाट कधी शेतातून, कधी गल्लीतून, कधी मोठ्या रस्त्याच्या कडेने जाते. तिथे मी बायकोच्या मागे राहून सायकल चालवत होतो. वरच्या दरीत आम्ही शेजारी-शेजारी होतो. वाहनमुक्त वाटेची याहून सोपी कसोटी मला सुचत नाही.

वाट एकदा केली की झाली असंही नाही. २००३च्या २९ ऑगस्टला या दरीत ढगफुटीसारखा पाऊस झाला, ओढ्यांनी डोंगर खाली आणला, उगोवित्सासारखी गावं चिखलात गेली. दरडी येतच असतात. या खोऱ्याच्या खालच्या भागाला तिकडे ‘कानाल देल फेर्रो’ म्हणतात, म्हणजे लोखंडाची दरी. उत्तरेचं लोखंड पूर्वी याच मार्गाने व्हेनिसकडे उतरत असे. त्या बोलीत अरुंद दरीला ‘कानाल’ म्हणतात हे कळल्यावर मला आपल्या ‘नाळे’ची आठवण झाली. सह्याद्रीत कोकणात उतरणाऱ्या उभ्या घळींना आपण नाळच म्हणतो. नाळ म्हटली की पावसात धोंडे येणार, हे दोन्हीकडच्या लोकांना माहीत आहे. फरक एवढाच, की तिकडे धोंडा सायकलवाटेवर पडला तरी तो उचलणं कोणाचं तरी काम असतं.

आणि या वाटेने त्या दरीचं काय भलं केलं? थोडं केलं. क्युझाफोर्तेचं स्टेशन उघडं राहिलं, काही घरांना रंग लागले, ‘खोल्या मिळतील’च्या पाट्या आल्या. पण शेजारच्या डोन्यात आज दोनशे माणसंही उरलेली नाहीत. उन्हाळ्याचे चार महिने येणारा सायकलवाला शाळा परत आणत नाही, डॉक्टर परत आणत नाही. सायकल पर्यटनाने गावं जगतात असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हिवाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी तिथे जाऊन यावं. आणखी एक गंमत आहे. वाहनमुक्त प्रवासाला निघालेल्यांतले बरेच जण रिकाम्या सायकलीने जातात. त्यांच्या बॅगा सकाळी हॉटेलातून एक व्हॅन उचलते आणि खालच्या रस्त्याने पुढच्या हॉटेलात नेऊन ठेवते. सायकलवाट मोटारमुक्त, प्रवास मात्र मोटारीच्या खांद्यावर. मी हसलो खरा, पण संध्याकाळी सायकलच्या बाजूच्या पिशव्या उतरवताना कंबर धरली तेव्हा त्या व्हॅनचा हेवाही वाटला.

ओझं कोण वाहतं हा प्रश्न आपल्याकडे अधिक कठोर आहे. माथेरान हे महाराष्ट्रातलं सर्वांत प्रसिद्ध मोटारमुक्त ठिकाण. गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे लाल मातीची वाट. मुंबईच्या माणसाला तिथे पाऊल ठेवताच हायसं वाटतं. पण ती शांतता कितीतरी वर्षं माणसांनी ओढलेल्या हातरिक्षांवर चालत होती. माणूस माणसाला चढावर ओढून नेत होता आणि आपण त्याला पर्यावरणस्नेही म्हणत होतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत थांबवायला सांगितली आणि ई-रिक्षांकडे बोट दाखवलं. न्यायालयाने योग्य केलं. वाहनबंदी करताना म्हातारी माणसं, गॅसचे सिलिंडर, बाळंतपणाच्या वेणा सुरू झालेली बाई यांचं काय, याचं उत्तर आधी लिहून ठेवलं नाही, तर ते उत्तर कोणाच्या तरी पाठीवर लिहिलं जातं.

मग आपल्या घाटांचं काय? आपल्याकडेही डोंगरातली वाहनमुक्त वाट आहे. फक्त ती जागेत नसून वेळेत आहे. पुण्या-मुंबईचा कोणताही सायकलवाला सांगेल, घाट करायचा तर साडेचारला निघा, सातच्या आत माथा गाठा, नाहीतर गाड्या सुरू होतात. पहाट हीच आपली सायकलवाट. दुसरी एक वाट पावसाळ्यात मिळते: वरंधा घाटात दरडीच्या भीतीने वाहतूक बंद करतात आणि काही हौशी वीर बॅरिकेडखालून सायकल सरकवतात. तो मूर्खपणा आहे. ज्या कारणाने मोटार बंद केली त्याच कारणाने सायकलही बंद असते, धोंडा चाकं मोजत नाही.

पण तिसरी शक्यता हल्ली नव्याने तयार होते आहे आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नाही. आपण घाटांना बोगदे पाडतो आहोत. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेड यांच्यामधला कशेडी घाट चुकवणारा बोगदा २०२३पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि वाहतुकीचा मुख्य ओघ तिकडे वळला. पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकीला साताऱ्याकडून येणारी वाहनं बऱ्याच वर्षांपासून बोगद्यातून येतात, जाणारी घाट चढतात. आता तीन-तीन पदरी जुळे बोगदे आले की चढणाऱ्यांनाही घाटाची गरज उरणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगतीवरचा ‘मिसिंग लिंक’ही त्याच जातीचा. फेल्लाच्या दरीत जे विसाव्या शतकाच्या शेवटी झालं ते आपल्याकडे आत्ता होतं आहे. थोरल्याला नवा सदरा शिवून होतो आहे. जुन्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

इथे कोणी म्हणेल, वाड्यावस्त्यांना धड रस्ता नाही आणि तुम्हाला सायकलवाटेचे डोहाळे. आक्षेप खोटा नाही. पण तो मानला तर निष्कर्ष उलटा निघतो. नवा रस्ता करायला पैसे लागतात, इथे रस्ता आधीच आहे. गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षं खपून आपण त्याला भिंती बांधल्या, मोऱ्या काढल्या, वळणं सुधारली. सोडून दिला तर दोन-तीन पावसाळ्यांत मोऱ्या तुंबतील आणि पाणी डांबर घेऊन जाईल. शिवाय डोंगरात सायकलीची गरज सर्वांत जास्त कोणाला आहे? चकचकीत हेल्मेट घालून रविवारी येणाऱ्या माझ्यासारख्याला नक्कीच नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. सायकल हातात आली, पण महामार्गाच्या कडेने ट्रकांच्या वाऱ्यात ती चालवायला आई धजावत नाही, हे चित्र कोणत्याही घाटपायथ्याच्या गावात दिसेल. रविवारचा सायकलवाला आणि सोमवारची शाळकरी मुलगी यांची वाट एकच असू शकते. मात्र ती तिच्यासाठी आखली तर त्याचं भागेल. त्याच्यासाठी आखली तर तिचं भागेलच असं नाही. त्याला सेल्फीची जागा हवी असते. तिला हवं असतं की दिव्याच्या खांबाखाली घोळका नसावा.

घाटरस्त्याचा चढ रेल्वेसारखा सौम्य नसतो, हेही मला कळतं. खंबाटकी काही भोर घाटाचा रूळ नाही, तिथे शंभर वॉटवाल्याला उतरून ढकलावं लागेल. पण ट्रक नसेल तर ढकलण्यात लाज नाही आणि धोकाही नाही. चढ माणूस सहन करतो, थांबत-थांबत, पाणी पीत-पीत. त्याला घरी बसवतो तो मागून येणारा हॉर्न.

खंबाटकीच्या जुन्या घाटात आज दिवसा उभं राहून बघा. पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारे उसाचे ट्रॅक्टर, तापलेल्या ब्रेकचा वास, मध्येच बंद पडलेला टेम्पो आणि त्याच्या चाकामागे लावलेला दगड. ज्या दिवशी हे सगळं नव्या बोगद्यात शिरेल त्या दिवशी सकाळी हा घाट पहिल्यांदा गप्प होईल. ती सकाळ फार लांबणार नाही. दुपारपर्यंत कोणीतरी माथ्यावर चहाची टपरी टाकेल, संध्याकाळी गाड्या लावून बाटल्या फोडणारे येतील, महिन्याभरात मुरुमाचा ढीग पडेल आणि वर्षभरात कोणाच्या तरी लग्नाचा मांडव. हे टाळायला फार काही लागत नाही. दोन्ही टोकांना एक-एक आडवा दांडा, सायकल आणि गुरं जातील एवढी फट, आणि कुलूप. कुलपाची एक किल्ली घाटातल्या वस्तीवर हवी, म्हणजे रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर जीप थांबायला नको. दुसरी मोऱ्या साफ करणाऱ्याकडे. बोगद्याच्या कागदांवर सह्या होतात त्याच टेबलावर या दोन किल्ल्यांची नावं लिहायला हवीत.